‘बेअरिंग गेलं’ हे कारण नव्हे

कोणत्याही मध्यम आकाराच्या कारखान्यातलं ब्रेकडाऊन रजिस्टर उघडा आणि ‘कारण’ या रकान्यावरून बोट फिरवा. मोटर जळाली. बेअरिंग गेलं. बेल्ट तुटला. सेन्सर खराब. शेजारच्या ‘उपाय’ रकान्यात एकच शब्द खालपर्यंत : बदलला. महिनाअखेरीस मेंटेनन्स इन्चार्ज तासांची बेरीज करतो, मीटिंगमध्ये तक्ता दाखवतो आणि पुढच्या महिन्यात त्याच मशीनचं तेच बेअरिंग पुन्हा जातं. मोटर जळणं हा परिणाम झाला. ती का जळली हे त्या रजिस्टरमध्ये कुठेच नसतं. जोवर ते लिहिलं जात नाही, तोवर आपण एकाच दुरुस्तीचे पैसे पुन्हा पुन्हा मोजत राहतो.

भोसरी-चाकण, सातपूर-अंबड, वाळूज, शिरोली-गोकुळ शिरगाव इथल्या मशीन शॉप, प्रेस शॉप आणि फौंड्र्यांचे मालक, प्लांट मॅनेजर आणि मेंटेनन्स सुपरवायझर यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. दोन-तीन फिटर, एक इलेक्ट्रिशियन, काही नवी सीएनसी आणि बरीच जुनी मशिनं, असा तिथला संसार असतो. महागडं सॉफ्टवेअर किंवा बाहेरचा सल्लागार न आणताही तिथे बरंच काही करता येतं.

सुरुवात रजिस्टरपासूनच करा. प्रत्येक बिघाडाच्या चार वेळा लिहायच्या : मशीन कधी थांबलं, मेंटेनन्सला कधी कळलं, कामाला हात कधी लागला आणि पहिला चांगला जॉब कधी निघाला. शेवटच्या वेळेबद्दल आग्रह धरा. ‘मशीन चालू झालं’ आणि ‘चांगला जॉब निघाला’ यांत कधी कधी तासाभराचं अंतर असतं आणि ते कुठेच मोजलं जात नाही. महिनाभर या वेळा प्रामाणिकपणे लिहिल्या की बहुतेक ठिकाणी दिसतं ते हे : पाना हातात असण्याचा वेळ थोडा, वाट पाहण्याचा फार. फिटर दुसऱ्या शेडमध्ये होता. स्टोअरची किल्ली जनरल शिफ्टवाला घरी घेऊन गेला होता. ओ-रिंगचा साइज कोणालाच ठाऊक नव्हता. खरेदीच्या मंजुरीसाठी साहेबांचा फोन लागत नव्हता. अशा कारखान्यात आणखी एक फिटर नेमून उपयोग नाही. रात्रपाळीच्या सुपरवायझरकडे स्टोअरची किल्ली आणि ठरावीक रकमेपर्यंत खरेदीचा अधिकार द्या, डाऊनटाइम तिथेच कमी होईल.

मग ‘कारण’ रकान्याचे दोन भाग करा : ‘काय दिसलं’ आणि ‘का झालं’. पहिला भाग फिटरने हात पुसता पुसता भरायचा. दुसरा सुपरवायझरने दुसऱ्या दिवशी, काढलेला पार्ट टेबलावर ठेवून, फिटर आणि ऑपरेटर दोघांशी बोलून भरायचा. टोयोटाचे तायची ओनो यांनी रूढ केलेली ‘पाच वेळा का विचारा’ ही पद्धत इथे उपयोगी पडते. कधी तिसऱ्या ‘का’लाच उत्तर मिळतं, कधी सातव्याला. कारण सापडलं नाही तर ‘सापडलं नाही’ असं लिहायची मुभा हवी. ती नसली की माणसं रकाना भरायचा म्हणून काहीही लिहितात, आणि खोटं कारण कोऱ्या रकान्यापेक्षा जास्त नुकसान करतं. शिवाय या नोंदींवरून कोणालाही मेमो द्यायचा नाही, हे मालकाने सगळ्यांसमोर सांगायला हवं. ऑपरेटरने ठोकर दिली, हे खरं लिहिल्यावर त्याचा पगार कापला गेला, तर त्या दिवसापासून रजिस्टरमध्ये खरं काही येणार नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. फौंड्रीतला धूळ ओढणारा ब्लोअर घ्या. मोटरवरून चार व्ही-बेल्ट, आणि मोटरचं पुलीकडचं बेअरिंग दर दोन-तीन महिन्यांनी जातं. प्रत्येक वेळी नवं बसतं. लोकांना वाटतं माल डुप्लिकेट आहे, मग ब्रँड बदलला जातो. तरी तेच.

आता काढलेलं बेअरिंग भंगारात टाकण्याआधी बाहेरची रिंग कटरने कापा, रॉकेलमध्ये धुवा आणि उजेडात धरा. ते बरंच काही सांगतं. बॉलचा माग बाहेरच्या रिंगवर तिरका उमटला असेल तर अलाइनमेंट चुकली आहे. बॉलच्या अंतरावर बारीक खड्डे पडले असतील तर बसवताना हातोडा चुकीच्या रिंगवर पडला आहे. माग राखाडी, मंद झाला असेल तर धूळ आत जाते आहे. निळसर-तपकिरी रंग आला असेल तर ते तापलं आहे. आणि पत्र्याच्या छपरासारख्या बारीक आडव्या रेषा एकसारख्या उमटल्या असतील तर बेअरिंगमधून वीज वाहते आहे : ड्राइव्हमुळे किंवा कोणीतरी वेल्डिंगची अर्थ भलत्याच जागी लावल्यामुळे.

समजा, इथे माग तिरका आहे आणि बेअरिंग तापलेलंही आहे. मग बेल्टकडे बघायचं. चारपैकी तीन बेल्ट जुने आणि एक नवा दिसतो, कारण मध्यंतरी एक तुटला तेव्हा तेवढाच बदलला होता. जुने बेल्ट ताणून लांबलेले, नवा आखूड. सगळा भार नव्यावर आला, तो ओरडायला लागला, म्हणून फिटरने मोटर मागे ओढून सगळेच आवळले. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. भार दुप्पट झाला की आयुष्य आठव्या हिश्शावर येतं. म्हणजे बेअरिंगच्या ब्रँडचा यात काही संबंध नव्हता. उपाय साधा आहे : बेल्ट नेहमी पूर्ण सेट बदलायचे, दोन्ही पुलींच्या तोंडावर दोरा ताणून तो चारही ठिकाणी टेकतो का ते पाहायचं, ताण उत्पादकाने दिलेल्या तक्त्याप्रमाणे ठेवायचा. नवं बेअरिंग शाफ्टवर हातोड्याने ठोकायचं नाही. इंडक्शन हीटरवर साधारण ११० अंशांपर्यंत तापवून सरकवायचं. सीलबंद बेअरिंग असेल तर उत्पादकाने दिलेली, याहून कमी असलेली मर्यादा पाळायची. हीटर नसेल तर निदान पाइपचा तुकडा आतल्या रिंगवरच टेकवून दाबायचं. एवढं एकदा केलं आणि ‘का झालं’ या रकान्यात नीट लिहून ठेवलं, की नवा फिटर आला तरी चूक परत होत नाही.

सगळी मशिनं सारखी नसतात

प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सचं वेळापत्रक करताना अनेक कारखाने एक चूक करतात. सगळ्या मशिनांना एकच चेकलिस्ट, एकच महिना, आणि मग वेळ पुरत नाही म्हणून टिकमार्क बसून मारले जातात. त्याऐवजी प्रत्येक मशीनला तीन प्रश्न विचारा. हे बंद पडलं तर गिऱ्हाइकाचा माल थांबेल का? यामुळे कोणाला इजा होऊ शकते का? याला पर्यायी मशीन आपल्याकडे आहे का? उत्तरांवरून अ, ब, क असे गट पाडा. अ गटावर जीव ओतून काम करा. क गटातला भिंतीवरचा एक्झॉस्ट फॅन बंद पडल्यावर बदलला तरी चालतो, आणि तसं ठरवून सोडून देण्यात कमीपणा नाही.

दुसरा गैरसमज असा की दर ठरावीक तासांनी मशीन उघडून पार्ट बदलले की बिघाड टळतात. अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सचे स्टॅनली नॉलन आणि हॉवर्ड हीप यांनी १९७८ मध्ये विमानांच्या देखभालीवर जो अहवाल दिला, त्याने या समजुतीला धक्का दिला. त्यांनी अभ्यासलेल्या घटकांपैकी जेमतेम ११ टक्क्यांमध्येच वय वाढेल तसा बिघाड वाढण्याची चिन्हं होती. उलट ६८ टक्के घटकांमध्ये नवा पार्ट बसवल्यानंतरचा सुरुवातीचा काळच सर्वांत धोक्याचा निघाला. हे आकडे विमानांचे आहेत, जसेच्या तसे पॉवर प्रेसला लावू नयेत. फौंड्रीत वाळू आणि धूळ असल्यामुळे झीज खरोखर जास्त होते. पण त्यातला बोध आपल्या फिटरलाही पटतो. नीट चाललेला गिअरबॉक्स केवळ तारीख आली म्हणून खोलू नका. आधी हात लावून बघा, ऐका, तापमान घ्या, तेलाचा नमुना बाटलीत घेऊन उजेडात धरा. काही हजारांत मिळणारी इन्फ्रारेड तापमान गन आणि कंपन मोजणारा साधा पेन यांचे आकडे दर पंधरा दिवसांनी एकाच जागेवर, एकाच लोडवर घेतले तर बदल दिसतो. एकटा आकडा फारसं सांगत नाही. गेल्या चार महिन्यांत तो चढत आला आहे की नाही, हे महत्त्वाचं.

ऑपरेटरशिवाय देखभाल होत नाही

आठ तास मशीनसमोर उभा असतो तो ऑपरेटर. आवाज बदलला, वास आला, कुलंट कमी झालं, हे सगळ्यांत आधी त्याला कळतं. तरी ‘चालवणं माझं काम, दुरुस्ती तुमचं’ ही भिंत जवळजवळ प्रत्येक शॉपमध्ये उभी आहे. जपानमध्ये ती पाडण्याचं काम सेइची नाकाजिमा यांच्या टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्सने, म्हणजे टीपीएमने केलं. १९७१ मध्ये निप्पॉनडेन्सो कंपनीला त्यासाठी पुरस्कार मिळाला, तेव्हापासून ही पद्धत जगभर पसरली. टीपीएममध्ये ऑपरेटरकडे येणारी पहिली पायरी असते साफसफाई, कारण मशीन पुसणारा हात ढिला बोल्ट, चिरलेला होज आणि तेलाची गळती शोधतो.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. खंडेनवमीला आपल्याकडे प्रत्येक मशीन घासूनपुसून लख्ख करतात, हार घालतात, पूजा करतात. त्या दिवशी मशीनचे गार्ड निघतात, मागची जाळी निघते, वर्षभराची चिप आणि काजळी बाहेर येते. त्या दिवशी किती गळत्या आणि तुटलेले क्लॅम्प सापडतात हे एकदा मोजून बघा. मशीनबद्दलची ही आस्था आपल्या कामगारात आहेच. तिला रोजची दहा मिनिटं द्यायची आहेत. ही दहा मिनिटं शिफ्टच्या वेळेत, पगारी आणि प्लॅनमध्ये धरलेली हवीत. टार्गेट तेवढंच ठेवून ‘शिवाय सफाईही करा’ म्हटलं तर आठवड्यात सगळं बंद पडतं, आणि त्यात कामगाराचा दोष नसतो.

साफ करायला अवघड जागा सोप्या करणं हे मेंटेनन्सचं काम. कुलंटच्या टाकीला चाकं लावा. तेलाच्या पातळीच्या काचेवर हिरवी-लाल पट्टी मारा. महत्त्वाच्या बोल्टवर आवळल्यानंतर नट आणि बॉडीवरून एक सरळ रंगाची रेघ ओढा, म्हणजे ढिला झाला तर लांबूनच कळेल. प्रेशर गेजवर योग्य टप्पा हिरव्या रंगाने दाखवा. अशा सोयी असल्या की दहा मिनिटांत खरी तपासणी होते.

तेल, ग्रीस, वीज आणि हवा

ग्रीस कमी पडलं तर बेअरिंग जातं हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त झालं तरी जातं, हे कमी लोक मानतात. हाउसिंगमधली मोकळी जागा साधारण एक तृतीयांश ते निम्मी भरणं बहुतेक मोटरना पुरतं. त्यापुढे ग्रीस आतल्या आत घुसळलं जाऊन तापतं आणि सील फोडून बाहेर येतं. ग्रीसगनचा एक स्ट्रोक म्हणजे किती ग्रॅम, हे वजनकाट्यावर एकदा मोजा आणि चेकलिस्टमध्ये ‘ग्रीसिंग करणे’ याऐवजी ‘चार स्ट्रोक’ असं लिहा. लिथियमचं आणि पॉलियुरियाचं ग्रीस अनेकदा एकमेकांशी जुळत नाही, मिसळून पातळ होतं. म्हणून प्रत्येक प्रकाराला वेगळी गन आणि निपलवर त्याच रंगाची टोपी. हायड्रॉलिक तेलासाठी वापरलेलं नरसाळं दुसऱ्या कशाला वापरायचं नाही. आणि तेलाची पिंपं जूनमध्ये उघड्यावर उभी ठेवायची नाहीत. दिवसा तापून रात्री थंड होताना पिंप आत हवा ओढतं, आणि झाकणावर साचलेलं पावसाचं पाणी बुचातून त्याबरोबर आत जातं. जागा नसेल तर पिंप आडवं ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असं.

मोटर वारंवार जळत असतील तर रिवाइंडिंगवाल्याला दोष देण्याआधी तिन्ही फेजचं व्होल्टेज मोजा. फेजांमध्ये साडेतीन टक्के असमतोल असला तरी मोटरची तापमानवाढ साधारण पंचवीस टक्क्यांनी जास्त होते. त्याच वेळी ओव्हरलोड रिलेची सेटिंग नेमप्लेटवरच्या अँपिअरशी ताडून बघा. सारखा ट्रिप होतो म्हणून रात्रपाळीत कोणीतरी ती वाढवून ठेवलेली असते, आणि त्या क्षणापासून मोटरला कोणतंच संरक्षण उरलेलं नसतं. उकडतं म्हणून पॅनेलचं दार उघडं ठेवून समोर टेबलफॅन लावणंही थांबवा. त्या पंख्याने थंडाव्याबरोबर धातूची धूळही ड्राइव्हच्या कार्डांवर बसते.

हवेची गळती कोणी बिघाड मानत नाही, कारण मशीन चालूच असतं. पण सात बार दाबावर तीन मिलिमीटरच्या भोकातून जाणारी हवा कंप्रेसरची सुमारे तीन किलोवॅट ताकद खाते. दोन शिफ्ट आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर १४,४०० युनिट होतात. आपल्या वीजबिलातल्या दराने गुणून बघा. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, शॉप शांत असताना, कंप्रेसर चालू करून नुसतं फिरलं तरी अर्ध्याअधिक गळत्या कानाने सापडतात.

सुटे भाग, बॅकअप आणि वेळ

स्टोअरमध्ये काय ठेवायचं हे किमतीवरून ठरवू नका. मिळायला किती दिवस लागतात आणि नसला तर काय थांबतं, यावरून ठरवा. दोनशे रुपयांचा खास सील आठ दिवस मशीन थांबवू शकतो. प्रत्येक अ गटाच्या मशीनचं एक पान करा : बेअरिंगचे नंबर, बेल्टचे साइज, सीलची मापं, प्रॉक्सिमिटी स्विचचा प्रकार, पुरवठादाराचा फोन. ही माहिती आज फिटरच्या डोक्यात किंवा त्याच्या मोबाइलमधल्या फोटोंत असते.

सीएनसीवाल्यांसाठी एक गोष्ट ठळक सांगायला हवी. कंट्रोलमधली मेमरी बॅटरी वर्षातून एकदा बदला, आणि फॅनकसारख्या कंट्रोलवर ती कंट्रोल चालू असतानाच बदला. पॉवर बंद करून जुनी काढली आणि पॅरामीटर पुसले गेले तर तीनशे रुपयांच्या कामासाठी सर्व्हिस इंजिनिअरची वाट बघत मशीन उभं राहतं. त्याआधी पॅरामीटर, लॅडर आणि प्रोग्रामचा बॅकअप घेऊन दोन जागी ठेवा. हे काम एका दुपारचं आहे. आजच करा.

वेळेचा प्रश्न मात्र खरा आहे. प्रॉडक्शनवाला मशीन देत नाही, कारण गिऱ्हाइकाची गाडी दारात उभी असते. ही रस्सीखेच दोन सुपरवायझरांवर सोडली तर मेंटेनन्स नेहमी हरतो. म्हणून देखभालीचे तास महिन्याच्या प्रॉडक्शन प्लॅनमध्येच लिहा, ऑर्डरसारखे, आणि ते रद्द करण्याचा अधिकार फक्त प्लांट हेडला ठेवा, तोही पुढची तारीख देऊनच. पिंपरी-चिंचवडकडे गुरुवारची सुट्टी मोठ्या कामांना मिळते. पण दर गुरुवारी त्याच चार माणसांना बोलावलं तर ती थकतात आणि थकलेला माणूस चुका करतो. पाळी लावा, बदली सुट्टी द्या.

कुलूप आणि पाळीबदल

मेन स्विच बंद केला, त्यावर ‘काम चालू आहे’ असा पुठ्ठा अडकवला, एवढ्यावर माणसाचा जीव सोपवू नका. काम करणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप स्विचवर आणि त्याची किल्ली त्याच्याच खिशात, हा नियम कोणत्याही घाईत मोडायचा नाही. प्रेसचा रॅम खाली येणार नाही म्हणून ठोकळा लावा, हायड्रॉलिक आणि हवेचा साठलेला दाब सोडा, मग हात आत घाला.

पाळी बदलताना अर्धवट राहिलेलं काम लेखी आणि समोरासमोर सोपवायला हवं. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू फलाटावर एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह देखभालीसाठी काढलेला होता. रात्रपाळीला ते कळलं नाही, त्यांनी तो पंप सुरू केला आणि त्यातून पेटलेल्या आगीत १६७ माणसं गेली. आपल्या शेडमधला पंप लहान असेल, पण निरोप तिथेही असाच हरवतो. क्रेन, चेन आणि वायररोपची किमान वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी ही कारखाना अधिनियम, १९४८ पासून चालत आलेली शिस्त आहे. ती प्रमाणपत्रापुरती उरकू नका. तपासणी करणाऱ्याला शिडी द्या, वर चढू द्या.

मोजमापाबद्दल थोडक्यात. अ गटाच्या मशिनांसाठी दोन बिघाडांमधला सरासरी काळ आणि दुरुस्तीला लागणारा सरासरी वेळ, एवढे दोन आकडे सुरुवातीला पुरतात. मशीनची एकूण कार्यक्षमता, म्हणजे ओईई, ही उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता यांचा गुणाकार असते. ९० टक्के, ९५ टक्के आणि ९९.९ टक्के यांचा गुणाकार ८५ टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणून तो आकडा भिंतीवर लावला जातो. तुमचा ५० आला तरी लपवू नका. खरा ५० घेऊन काम करता येतं, सजवलेला ८५ घेऊन काहीच करता येत नाही. सॉफ्टवेअर घ्यायचं असेल तर कागदावरची नोंद सहा महिने नीट चालल्यावरच घ्या.

मालकांना एक विनंती. तुमच्याकडे वीस-पंचवीस वर्षं काम केलेला एखादा फिटर असेल, जो आवाजावरून सांगतो की कोणत्या पुलीत काय बिघडलं आहे. तो निवृत्त व्हायच्या वर्षभर आधी त्याच्याबरोबर आयटीआय झालेला एक तरुण कायमचा जोडून द्या, त्या तरुणाच्या हातात वही द्या, आणि दर आठवड्याला त्या वहीतलं एक पान स्वतः वाचा. ब्रेकडाऊन झाल्यावर रात्रभर जागून मशीन चालू करणाऱ्याला आपण शाबासकी देतो. ज्याच्या हाताखालची मशिनं बंदच पडत नाहीत, त्याचंही नाव पुढच्या पगारवाढीच्या यादीत वर घ्या.